सोडलेल्या वस्तीचा पत्ता

मनात एक कोपरा आणा. घर नको, घराबाहेरचा कोपरा. जिथे तुम्ही आता राहत नाही अशा वस्तीतला, गल्लीच्या तोंडाचा, चार जण उगाच उभे असायचे तो. सापडला की त्याला नाव द्या. तिथे कोणता रस्ता कोणत्या रस्त्याला मिळतो? नाव चटकन आठवलं नाही तर जोर लावू नका, वाचता वाचता ते येईल. मधेमधे मी थांबायला सांगेन तिथे मात्र खरंच थांबा. पुढचा परिच्छेद कुठे पळून जात नाही.

कोपराच का, ते सांगतो. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात टँगोची जी गाणी लिहिली गेली त्यांतल्या कितीतरी गाण्यांचं दुखणं एकच आहे: आपण वाढलो ती वस्ती आता आपली राहिली नाही. आपल्याकडे टँगो म्हटलं की नाच आठवतो, झगमगीत कपडे आणि दातांत गुलाब. तो टँगो सिनेमावाल्यांचा. गाण्याचा टँगो वेगळा, बराचसा बसून ऐकायचा. १९१७ साली कार्लोस गार्देलने 'मी नोचे त्रिस्ते' गायलं. शब्द पास्कुआल कोन्तुर्सीचे. तिथून टँगोला स्वतःचं दुःख सांगणारा माणूस मिळाला असं मानतात. त्या गाण्यातला माणूस एका खोलीत, सोडून गेलेल्या बाईच्या आठवणीत बसला आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या खोलीच्या भिंती बाहेर सरकत गेल्या. हरवलेल्या गोष्टींमध्ये बाईच्या जोडीला गल्ली आली, गल्लीतला दिवा आला, पूल आला, भिंतीची लाल वीट आली.

ही वस्ती, तिला तिथे बारिओ म्हणतात, तयार कशी झाली हे ठाऊक असलं की गाणी अधिक खोल जातात. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची लोकसंख्या पावणेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. इटलीची, स्पेनची, थोडीफार इतर ठिकाणची. बोटीतून उतरलेल्या या माणसांना पहिला निवारा मिळे तो जुन्या वाड्यांमध्ये. १८७१ साली पीतज्वराची साथ आली आणि शहराच्या दक्षिण भागातली श्रीमंत घराणी उत्तरेकडे राहायला गेली. त्यांचे रिकामे वाडे खोली-खोलीने भाड्याने चढले. मधे चौक, भोवती खोल्या आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला याहून अधिक वर्णनाची गरज नाही. १९०७ साली या भाडेकरूंनी भाडेवाढीविरुद्ध मोठा संपही केला होता.

मग विजेच्या ट्रॅम धावू लागल्या. शहराच्या कडेची जमीन तुकडे पाडून मासिक हप्त्यांवर विकली जाऊ लागली. ट्रॅमने कामावर जायचं, रविवारी स्वतःच्या हातांनी विटा रचायच्या. आधी एक खोली, काही वर्षांनी दुसरी, मागे कोंबड्या, पुढे द्राक्षाचा वेल. अशा घरांच्या रांगा वाढत गेल्या, त्यांतून बोएदो, आल्माग्रो, व्हिया क्रेस्पो, पोम्पेया अशा वस्त्या भरल्या. शहराची फरसबंदी कुठेतरी संपायची आणि तिथून गवताळ पंपा सुरू व्हायचा. टँगोची वस्ती या शिवेवरची आहे.

ही वस्ती वसवणाऱ्या माणसांनी आधीच एक गाव कायमचं सोडलेलं होतं. जिनोआजवळचं असेल, गालिसियातलं असेल. 'ला व्हिओलेता' नावाचा एक टँगो आहे, शब्द निकोलास ओलिव्हारीचे, चाल कातुलो कास्तियोची. त्यात एक इटालियन कष्टकरी गुत्त्यात बसून आपल्या मुलखाचं गाणं गातो आहे. त्या पिढीची आठवण समुद्रापलीकडे होती. तिची मुलं वस्तीत जन्मली, गल्लीत खेळली आणि मोठी होऊन त्याच गल्लीसाठी रडली. मला वाटतं, विरहाची रीत त्यांना घरात आयतीच मिळाली होती. बापाच्या तोंडी जे गाव असायचं, त्याच्या जागी मुलाने गल्ली आणली.

इथे थांबा. तुमच्या घरातलं कोण त्या वस्तीत सगळ्यांत आधी आलं? कुठून आलं? तुम्ही जिला 'आपली' म्हणता ती गल्ली त्या माणसाला पहिल्या दिवशी कशी दिसली असेल?

आता एका गाण्याजवळ बसू. नाव 'सुर', म्हणजे दक्षिण. साल १९४८, शब्द ओमेरो मान्सीचे, चाल आनिबाल त्रोइलोची. त्रोइलोच्या वाद्यवृंदाबरोबर ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं तेव्हा गायला एदमुंदो रिवेरो होता, टँगोतला सगळ्यांत खर्जातला आवाज. गाणं सुरू होतं ते थेट पत्त्याने. सान हुआन आणि बोएदो हे दोन रस्ते, त्यांचा चौक. मग नजर दक्षिणेकडे उतरते, पोम्पेयाकडे, आणि त्याहून पुढे पुराच्या पाण्याकडे. लोहाराच्या दुकानाचा कोपरा येतो. एक लांबच लांब भिंत येते. चिखल येतो आणि चिखलाला लागून पंपा. एक खिडकी येते, तिच्यात एक मुलगी. दुःख, वेदना, हुरहूर असले शब्द पुढे करण्याची मान्सीला घाई नाही. तो रस्ता सांगतो आहे, एखाद्या पाहुण्याला सांगावा तसा. आणि ऐकणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येतं की या पत्त्यावर आता कोणीच पोचणार नाही.

गाण्याच्या उत्तरार्धात तो ते कबूलही करतो. वस्ती बदलली, ती मुलगी गेली, आपलं तारुण्य गेलं, सगळं संपलं हे त्याला ठाऊक आहे. आक्रोश नाही, कोणावर राग नाही. मोठ्या आजारातून उठलेला माणूस पहिल्यांदा अंगणात येऊन बसतो आणि नुसता समोर बघतो, तसं काहीसं.

याच जोडीचं 'बारिओ दे टांगो' हे गाणं सहा वर्षं आधीचं, १९४२ चं. जागा तीच, पोम्पेया. रेल्वेचा बांध आहे, फाटकावर हलणारा कंदील आहे, डबक्यातले बेडूक आहेत, चंद्राकडे बघून भुंकणारी कुत्री आहेत, कोपऱ्यावर शिट्ट्या घालणारी पोरं आहेत. दोन्ही गाणी ओळीने ऐकली तर एक गोष्ट जाणवते. मान्सीच्या वस्तीत इमारती फार कमी आहेत. वस्ती त्याला आठवते ती आवाजांतून आणि वासांतून. दिसणाऱ्या गोष्टी तर नंतर छायाचित्रातही सापडतात. बेडकांचा आवाज कुठल्या अल्बममध्ये चिकटवणार?

म्हणून आता डोळे मिटा आणि तुमच्या कोपऱ्यावरचे आवाज ऐका. दिसणाऱ्या गोष्टी मागाहून येऊ देत. सकाळी सगळ्यांत आधी कसला आवाज यायचा? दुपारी कोणती हाळी? रात्री दिवे गेले की काय ऐकू यायचं? मग वास. पिठाच्या गिरणीचा असेल, ओल्या गोणपाटाचा असेल, गटाराचाही असेल. तोही येऊ द्या, त्याला हाकलू नका. गटाराबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आता गंमत बघा. पोम्पेयाचा हा कवी पोम्पेयाचा नव्हता. मान्सी १९०७ मध्ये आन्यातुयाला जन्मला. हे गाव सान्तियागो देल एस्तेरो प्रांतात, राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर. लहानपणी तो ब्युनोस आयर्सला आला आणि पोम्पेयातल्या एका शाळेत निवासी विद्यार्थी म्हणून राहिला. म्हणजे ज्या मुलखाला त्याने अजरामर केलं तो त्याने आधी पाहिला वसतिगृहातल्या, घरापासून तुटलेल्या मुलाच्या डोळ्यांनी. १९५१ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तो गेला.

तो एकटा असा नाही. आल्फ्रेदो ले पेराने 'मी ब्युनोस आयर्स केरिदो' लिहिलं, 'व्होल्व्हेर' लिहिलं. शहराच्या ओढीची याहून प्रसिद्ध गाणी स्पॅनिश भाषेत क्वचित असतील. ले पेराचा जन्म ब्राझीलमधल्या साओ पावलोचा. ती गाणी तयार झाली न्यूयॉर्कमध्ये, पॅरामाउंटच्या चित्रपटांसाठी. मेक्सिकोपासून माद्रिदपर्यंत सगळ्यांना कळावं म्हणून त्याने गल्लीची खास बोली जवळजवळ गाळून टाकली आणि सरळ, सोज्ज्वळ स्पॅनिश वापरली. ती गाणारा गार्देल हा बहुतेक अभ्यासकांच्या मते फ्रान्समधल्या तुलूझचा. उरुग्वेची मंडळी अजूनही हे मानत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही.

तेव्हा 'आमची वस्ती' हा हक्क जन्माच्या दाखल्याने मिळतो असं टँगो मानत नाही. मला ही त्याची सगळ्यांत उदार बाजू वाटते. आज गावोगावी 'मूळचे कोण' याची मोजदाद चालते, तेव्हा तर फारच. जो तिथून निघाला आणि ज्याला निघाल्यावर तिथले रस्ते नावानिशी आठवले, वस्ती त्याची. बाकीचे तिथे राहतात, इतकंच.

'व्होल्व्हेर' म्हणजे परतणं. १९३५ च्या 'एल दिया के मे किएरास' या चित्रपटात ते गाणं गार्देल बोटीच्या कठड्याशी उभा राहून गातो. लोक ते परतीच्या आनंदाचं गाणं समजून गुणगुणतात. नीट ऐकलं तर त्यात भीतीच जास्त आहे. दूरवर दिवे दिसू लागलेत, केस पांढरे झालेत, आणि आपण सोडून आलेल्या आयुष्याशी आता गाठ पडणार या विचाराने तो चरकला आहे. परत जाणारा माणूस वस्तीला भेटायला जातो आणि त्याची गाठ पडते स्वतःच्या वीस वर्षांपूर्वीच्या रूपाशी. ते रूप काय विचारील याचा नेम नाही.

गार्देल स्वतः १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्युनोस आयर्सहून निघाला तो जिवंत परतला नाही. २४ जून १९३५ रोजी कोलंबियात मेदेयीनच्या विमानतळावर दोन विमानांची टक्कर झाली. त्यात तो गेला, ले पेराही गेला. शव बोटीने, न्यूयॉर्कमार्गे, १९३६ च्या फेब्रुवारीत मायदेशी पोचलं आणि चाकारिताच्या दफनभूमीत ठेवलं गेलं. त्याच अपघातात ग्वियेर्मो बार्बिएरी हा त्याचा गिटारवादकही गेला. बार्बिएरीचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढचं गाणं त्याचं आहे.

'आंक्लाओ एन पारिस', १९३१. पॅरिसमध्ये नांगर रुतलेला, कफल्लक झालेला एक अर्जेंटिनी माणूस, बाहेर बर्फ. शब्द एन्रिके कादिकामोचे. तो तेव्हा बार्सेलोनात होता. तिथून त्याने ते नीसमध्ये असलेल्या गार्देलकडे पाठवले आणि चाल बार्बिएरीने लावली. तिघेही घरापासून दूर, हे सांगायला नकोच. या गाण्यातला माणूस शहराची आठवण काढत बसत नाही, तो शहराची चौकशी करतो. कोरिएन्तेस रस्ता आता कसा दिसत असेल? अमुक गल्ली बदलली असेल का? कोणीतरी त्याला सांगितलं आहे की सगळं सुधारतंय, शहर फुललं आहे. आणि ते खरंच होतं. त्याच सुमारास कोरिएन्तेस रुंद करण्यासाठी एका बाजूची घरं, नाट्यगृहं, कॅफे पाडणं सुरू झालं. १९३६ मध्ये रुंदीकरण पुरं झालं, त्याच वर्षी तिथे ओबेलिस्क हा उंच स्तंभ उभा राहिला. म्हणजे पॅरिसमधला तो माणूस ज्या रस्त्यासाठी तळमळत होता तो रस्ता तिकिटाचे पैसे मिळाले असते तरी त्याला सापडला नसता.

यावर थोडं रेंगाळायला हवं. निरोपाचे दोन प्रकार आहेत. एकात माणूस निघून जातो, वस्ती जागेवर असते. दुसऱ्यात माणूस जागेवर असतो आणि वस्ती निघून जाते. पहिल्यावर गाणी पुष्कळ. दुसऱ्यावर फार पूर्वी, १९२६ मध्ये, बेनहामिन ताग्ले लाराने 'पुएन्ते आल्सिना' लिहिलं. पोम्पेयाजवळ रिआच्वेलो नदीवरचा हा पूल. गाण्यातला माणूस कुठेही गेलेला नाही. तो तिथेच उभा राहून विचारतो की माझी वस्ती कुठे गेली, आणि उत्तरही त्याला माहीत आहे: डांबर आलं, मोठा रस्ता आला, एका फटक्यात सगळं पुसून गेलं. नंतर तो पूलही बदलला. आज दिसतो तो १९३८ सालचा. पुढे लष्करी राजवटीत, १९८० मध्ये, दक्षिणेकडच्या वस्त्यांतून उंच महामार्ग काढला गेला आणि घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या गेल्या. त्यावर तितकं मोठं गाणं झालं नाही, कारण तोवर टँगोचा बहर ओसरला होता.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा दुसरा निरोप अधिक ओळखीचा असेल. पुनर्विकासाचा करार होतो, भाड्याच्या घरात तीन-चार वर्षं काढायची, मग त्याच पत्त्यावर बाविसाव्या मजल्याची किल्ली मिळते. माणूस गेला नाही, पत्ता गेला नाही, पिनकोडसुद्धा तोच. तरी काहीतरी गेलेलं असतं, आणि नवं स्वयंपाकघर दाखवताना ते बोलून दाखवणं कृतघ्नपणाचं वाटतं. ताग्ले लाराला ते वाटलं नाही.

थांबा. तुमचा निरोप यांपैकी कोणता? तुम्ही गेलात, की ती गेली? दोन्ही झालं असेल तर आधी काय झालं?

आता गटाराकडे. टँगोच्या या आठवणींवर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि तुम्हीही ठेवू नये. पोम्पेया हा रिआच्वेलोकाठचा सखल भाग. पूर हे गाण्यातलं क्षितिज आहे. तिथल्या माणसांसाठी तो गुडघाभर पाणी आणि भिजलेली गादी होता. नदीकाठी कातडी कमावण्याचे कारखाने होते. त्याच बाजूला शहराचा कचरा जाळायची जागा होती, तिला 'ला केमा' म्हणत, आणि तिच्या आसपास कचऱ्यातून वस्तू वेचून जगणाऱ्यांची झोपडवस्ती. मान्सीच्या गाण्यात चंद्र येतो, तारे येतात. धूर येत नाही.

आणि बाईचं काय? 'ला कासिता दे मिस व्हिएहोस' हे १९३२ चं गाणं घ्या, चाल हुआन कार्लोस कोबियानची, शब्द पुन्हा कादिकामोचे. उधळ्या मुलगा अनेक वर्षांनी आईवडिलांच्या घरी येतो. जुना नोकर दार उघडतो आणि त्याला ओळखत नाही, आवाजावरून तेवढा ओळखतो. प्रसंग जबरदस्त आहे, मान्य. पण टँगोतली आई नेहमी घरीच असते, पांढऱ्या केसांची, क्षमा करायला तयार. खिडकीतली मुलगीही तिथेच थांबलेली असते, नाहीतर मेलेली असते. निघून जाणं हा पुरुषांचा अनुभव, राहून जाणं हा बायकांचा. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. मराठीत घर सोडण्याचं गाणं जात्यावर झालं, ते बाईचं. वेस ओलांडून गेली ती लेक आणि वाट बघत राहिले ते मायबाप नि भाऊ. ओवीतल्या बाईला माहेरची वाट, नदी, गावाचा पार नावानिशी आठवतो, मान्सीला चौक आठवतो तसाच. फरक इतकाच की मान्सी वाटेल तेव्हा ट्रॅममध्ये बसून पोम्पेयाला जाऊ शकत होता. तिला कोणीतरी न्यायला यावं लागे.

म्हणून हे पुढचं थांबणं जरा कठीण आहे. तुमच्या जुन्या वस्तीत जो मागे राहिला, किंवा जी मागे राहिली, त्या एका माणसाचा चेहरा आणा. अजूनही तिथेच राहणारा. तुम्ही वर्षा-दोन वर्षांनी जाता, 'काही बदललं नाही हो इथे' म्हणता, फोटो काढता. तुम्हाला बघून त्याच्या मनात काय येत असेल? त्याला तुमच्यासारखी आठवण काढता येत नाही, कारण त्याच्यापाशी ती जागा अजून आहे, तिच्या पाणीटंचाईसकट. त्या माणसाच्या बाजूने लिहिलेला टँगो शोधायला गेलात तर फार काही हाती लागणार नाही.

जागेचं पुढे काय होतं याचा एक मजेशीर नमुना सांगतो. 'कामिनितो' हे गाणं १९२६ चं, चाल हुआन दे दिओस फिलिबेर्तोची. शब्द गाबिनो कोरिया पेन्यालोसाचे, आणि त्याच्या मनातली पायवाट होती ला रिओहा प्रांतातल्या ओल्ता गावची, झाडाझुडपांतली. फिलिबेर्तो ला बोका वस्तीचा. ला बोकात आगगाडीचा एक फाटा बंद पडून कचऱ्याने भरलेली एक वाकडी गल्ली होती. चित्रकार बेनितो किन्केला मार्तिन आणि शेजारपाजाऱ्यांनी ती साफ केली, घरांचे पत्रे भडक रंगांनी रंगवले आणि १९५९ मध्ये गल्ली 'कामिनितो' या नावाने खुलं संग्रहालय झाली. आज तिथे जगभरचे प्रवासी येतात आणि या गल्लीवर ते गाणं लिहिलंय अशा समजुतीने फोटो काढतात. गार्देलच्या आबास्तो वस्तीतलं भाजीचं प्रचंड मंडई-घर १९८४ मध्ये बंद पडलं, १९९८ पासून तिथे मॉल आहे. जवळच त्याचं आणि त्याच्या आईचं घर संग्रहालय म्हणून राखलं आहे, भुयारी रेल्वेच्या स्थानकाला त्याचं नाव आहे. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे सगळं चांगलंच आहे. फक्त, वस्तीवर पाटी लागते तेव्हा ती वस्ती आधीच निघून गेलेली असते, एवढं ध्यानात ठेवावं.

पण टँगोनेच या सगळ्याला एक उत्तरही दिलं आहे, आणि मला ते बाकी गाण्यांपेक्षा मोठं वाटतं. 'सुर'ची चाल बांधणारा आनिबाल त्रोइलो १९१४ साली आबास्तोत जन्मला. तो बांदोनेऑन वाजवायचा, ते पेटीसारखं पण दोन्ही हातांत ताणून वाजवायचं वाद्य. अर्जेंटिनात त्याचा जन्मदिवस, ११ जुलै, राष्ट्रीय बांदोनेऑन दिन म्हणून पाळतात. तो गायक नव्हता. त्याने 'नोक्तुर्नो आ मी बारिओ' हे स्वतःचंच लिहिलेलं म्हटलं, गाऊन नव्हे, आपल्या घोगऱ्या आवाजात बोलून. आपण वस्ती सोडली असं लोक म्हणतात, हे त्याला मुळात मान्यच नाही. सोडली कधी, असा त्याचा उलट सवाल आहे. आपण तर सारखे तिथेच येऊन पोचत असतो.

यात भाबडेपणा नाही. त्रोइलो शहर सोडून कुठे फारसा गेलाच नव्हता, तरी त्याची वस्ती गेली होती, हे तो जाणून होता. तो बोलतो आहे ते रोज पोचण्याबद्दल, पोचून राहण्याबद्दल नाही. एलादिया ब्लास्केस ही १९३१ मध्ये रिआच्वेलोपलीकडे आवेयानेदात जन्मली, शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करायची. 'एल कोरासोन आल सुर' या तिच्या गाण्यातही हेच आहे, पण बाईच्या तोंडून आणि जास्त रोखठोक. गरीब वस्तीचा भूगोल तिच्या अंगात भिनलेला आहे, त्यामुळे पुरतं निघून जाणं तिला जमलेलं नाही. तिच्या गाण्यात कुणी खिडकीत वाट बघत बसलेलं नाही.

१९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो अर्जेंटिनी माणसं देशाबाहेर पळाली, तेव्हा या जुन्या गाण्यांना अचानक वेगळा अर्थ आला. फर्नान्दो सोलानास हा दिग्दर्शक पॅरिसला गेला. परतल्यावर त्याने १९८८ मध्ये एक चित्रपट काढला, तुरुंगातून सुटलेला एक माणूस रात्रभर आपल्या वस्तीत हिंडतो त्याचा. चित्रपटाला त्याने मान्सीच्या गाण्याचंच नाव दिलं, 'सुर'. घर समोर आहे, बायको आत आहे, आणि तरी तो माणूस लगेच आत जात नाही. आधी त्याला रस्ते चालून पुरे करायचे असतात, त्यांत भेटणाऱ्या मेलेल्यांशी बोलायचं असतं. निरोपाला वेळ लागतो हे मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

तो वेळ आता तुम्ही घ्या. कोपऱ्यावर जा. गल्लीतून एकदा चालत शेवटापर्यंत या, भरभर नको. दारं डावीकडची, मग उजवीकडची. प्रत्येक दाराशी कोण राहायचं त्याचं नाव घ्या. पाळण्यातलं नाव माहीत नसेल तर वस्तीत हाक मारायचे ते घ्या. जिथे भांडण होतं त्या दारावरून डोळे चुकवून जाऊ नका. धूर दिसला तर धूरही बघा. जिथे नाव आठवत नाही तिथे गप्प उभे राहा आणि पुढे चला. काही सोडवायचं नाही, कोणाला माफ करायचं नाही, परत राहायला जायचं ठरवायचं नाही.

उठल्यावर ऐकायला सुरुवात करणार असाल तर माझं मत विचारात घ्या. गार्देलपासून सुरू करू नका. तो आवाज इतका देखणा आहे की वस्ती मागे पडते आणि गार्देलच उरतो. आधी रिवेरोने त्रोइलोबरोबर १९४८ मध्ये गायलेलं 'सुर' ऐका, मग १९४२ चं 'बारिओ दे टांगो', आणि त्रोइलोचं ते बोलणं सगळ्यांत शेवटी. स्पॅनिश येत नसेल तरी अडत नाही. आणि ज्याच्या दाराशी नाव आठवलं नाही, त्याचं नाव वस्तीत मागे राहिलेल्या त्या माणसाला फोन करून विचारा.